व्हॅल्युअर येण्यापूर्वी

बँकेचा व्हॅल्युअर घरात फार वेळ थांबत नाही. खेड्यातलं बैठं घर असेल तर अर्ध्या-पाऊण तासात त्याचं काम उरकतं. लेझर किंवा टेप लावून खोल्या मोजायच्या, चारही बाजूंनी फोटो काढायचे, मान वर करून छत न्याहाळायचं, वीजमीटरवरचा क्रमांक टिपायचा, शेजाऱ्याला सहज विचारल्यासारखं 'हे घर कोणाचं?' असं विचारायचं आणि निघायचं. त्याच्यासाठी आठ दिवस आधीपासून भिंतींना डिस्टेंपर आणि दारांना ऑइलपेंट मारणारी कुटुंबं मात्र पुष्कळ आहेत. अहवालात त्या रंगाची दखल 'देखभाल : चांगली' एवढ्या दोन शब्दांत घेतली जाते आणि त्या दोन शब्दांनी किंमत फारशी हलत नाही. किंमत हलते ती घरमालकाने सहा महिन्यांपूर्वी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात घातलेल्या, किंवा न घातलेल्या, खेपांनी.

उदाहरणाला गाव घेऊ आसगाव. भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका, वैनगंगेचं खोरं, धानाचा मुलूख. नागपुरातल्या फ्लॅटचं मूल्यांकन त्या मानाने सोपं. त्याच इमारतीतल्या दोन-चार फ्लॅटची खरेदीखतं गेल्या वर्षभरात नोंदलेली असतात, त्यांचा दर काढायचा, मजला आणि वय बघून थोडं कमीजास्त करायचं, की झालं. अशा गावाच्या गावठाणात घर विकलं जाणं हीच मुळात क्वचित घडणारी गोष्ट. विकलं गेलंच तर घेणारा बहुधा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी, नाहीतर भाऊबंद. त्या व्यवहारात बाजारभाव किती, जुनं देणंघेणं किती आणि नात्याची भीड किती, हे बाहेरच्या माणसाला कळणं कठीण. त्यामुळे व्हॅल्युअरचा सगळा भार दोन गोष्टींवर येतो. एक, नोंदणी व मुद्रांक विभाग दरवर्षी काढतो तो वार्षिक मूल्यदर तक्ता, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. आणि दुसरी, तुम्ही पुढे केलेले कागद.

बँकेचा प्रश्न साधा आणि जरा निर्दय असतो : हप्ते थकले तर हे घर कोणाला, किती दिवसांत आणि किती रुपयांना विकता येईल? म्हणून अहवालात एक नव्हे, बहुधा तीन किमती येतात. पहिली बाजारमूल्य, म्हणजे घाई नसलेल्या विकणाऱ्याला घाई नसलेला घेणारा जे देईल ते. दुसरी वसुलीयोग्य किंमत, पहिलीपेक्षा साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी. तिसरी अडचणीतल्या विक्रीची, आणखी खाली. घरमालक पहिला आकडा बघून खूश होतो. कर्ज मंजूर करणाऱ्याची नजर बऱ्याचदा दुसऱ्यावर असते. या तिन्ही आकड्यांना खाली ओढणारी सगळ्यांत जड गोष्ट म्हणजे शंका. जागा नेमकी किती, कोणाची, बांधकाम परवानगीने झालं का, वाट स्वतःची की शेजाऱ्याच्या मेहरबानीची, या प्रश्नांची उत्तरं कागदावर नसली की व्हॅल्युअर स्वतःच्या सहीचा विचार करतो आणि हात आखडता घेतो. यात त्याचा दोष नाही.

आबादीतली जागा

पूर्व विदर्भात हे कागद का नसतात, याला इतिहास आहे. भंडारा जिल्हा जुन्या मध्य प्रांतातला, मालगुजारीचा. गावचा सारा गोळा करणारा मालगुजार गावठाणाचाही, म्हणजे आबादीचाही, धनी होता. शेत कसणाऱ्याला, बलुतेदाराला, मजुराला आबादीत घरापुरती जागा मिळे ती रिवाजाने आणि मालगुजाराच्या शब्दाने. खरेदीखत कोण करणार आणि कशासाठी? पुढे १९५० चा मालकी हक्क निर्मूलनाचा कायदा आला आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपली. मालगुजारांनी बांधलेले तलाव सरकारजमा झाले आणि आजही 'माजी मालगुजारी तलाव', बोलण्यात 'मामा तलाव', म्हणून जिल्हाभर पसरलेले आहेत. गावठाणातली घरं मात्र राहणाऱ्यांकडेच राहिली. कायद्याने ती त्यांची झाली, पण प्रत्येकाच्या हातात त्याचा कागद पडला असं नाही. आजोबा राहत होते, वडील राहत होते, आपण राहतो : गावाला हा पुरावा पुरतो. बँकेला पुरत नाही.

मग लोक पुढे करतात तो ग्रामपंचायतीचा नमुना ८. हा घरपट्टीच्या आकारणीचा रजिस्टर-उतारा. त्यावर घर क्रमांक, नाव, बांधकामाचा प्रकार, क्षेत्र आणि कर असतो. उपयोगाचा कागद आहे, पण त्याचा जन्म कर वसुलीसाठी झालेला आहे. मालकी ठरवण्यासाठी नाही. न्यायालयंही आकारणीच्या नोंदीला मालकीचा निर्णायक पुरावा मानत नाहीत. त्यात क्षेत्रही पुष्कळदा अंदाजाचं असतं. जुन्या मातीच्या घराच्या जागी स्लॅबचं घर उभं राहून दहा वर्षं झाली तरी नमुना ८ वर 'कच्चे, कौलारू' असंच लिहिलेलं आढळतं, कारण नोंद बदलली की घरपट्टी वाढते आणि ती वाढू नये असं दोन्ही बाजूंना आतून वाटत असतं. वर्षाला दोन-तीनशे रुपये वाचतात. कर्जाच्या वेळी याच नोंदीपोटी लाखाच्या घरातली किंमत नाकारली जाते. मूल्यांकनाच्या तयारीतलं सगळ्यांत स्वस्त काम हे, की ग्रामपंचायतीत जाऊन फेरआकारणी करून घ्यायची आणि थकलेली घरपट्टी भरून पावती ठेवायची.

नमुना ८ च्या वरचा कागद म्हणजे मिळकत पत्रिका, सगळे प्रॉपर्टी कार्ड म्हणतात ती. शहरात सिटी सर्व्हे झालेला असल्याने ती बहुधा असते. खेड्यांतल्या बहुतेक गावठाणांची मोजणीच झालेली नव्हती. शेताचा बांध सरकारी नकाशात होता, घराची भिंत नव्हती. हे बदलायला महाराष्ट्रातच सुरुवात झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी करून पाहिली गेली आणि २४ एप्रिल २०२० ला पंचायत राज दिनी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर करून हाच उद्योग देशभर नेला. १८ जानेवारी २०२५ ला एकाच दिवशी पन्नास हजारांहून अधिक गावांत मिळून ६५ लाखांवर पत्रिका वाटल्या गेल्या.

योजनेची रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण चूक होते ती तिथेच. आधी ग्रामसभेत माहिती दिली जाते. मग प्रत्येकाने आपल्या जागेची हद्द चुन्याने आखायची असते. वरून ड्रोन फोटो काढतो, त्यावरून नकाशा तयार होतो, तो गावात आणून जागेवर पडताळतात, चौकशी अधिकारी हक्काची चौकशी करतो, हरकती ऐकतो, आणि शेवटी सनद व मिळकत पत्रिका मिळते. ज्या दिवशी चुना पडला त्या दिवशी तुम्ही पुण्याला कामाला होता आणि शेजाऱ्याने त्याच्या सोयीने रेघ ओढली, तर नकाशात तीच उतरते. ड्रोनला भांडण दिसत नाही. झाडाखाली झाकलेली सांदवाडी, म्हणजे घरामागचं परस, तेही त्याला नीट दिसत नाही. म्हणून पत्रिका आली असेल तर ती कपाटात ठेवण्याआधी टेप घेऊन घराभोवती एकदा फिरावं. क्षेत्रात किंवा नावात फरक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तेव्हाच द्यावा. कर्जाची फाइल बँकेत गेल्यावर दिलेला अर्ज फाइलच अडवून ठेवतो. गावाची पत्रिका अजून आलेली नसेल तर नोंदलेलं खरेदीखत, नमुना ८ आणि ग्रामपंचायतीचे दाखले यांवर काही बँका कर्ज देतात, काही नाही. हे व्हॅल्युअरची फी भरण्यापूर्वी विचारून घ्यावं. ती फी कर्ज झालं नाही तरी परत मिळत नाही.

गावठाणाच्या बाहेर

आता बरीच नवी घरं गावठाणाच्या बाहेर, रस्त्याला लागून, शेताच्या तुकड्यावर बांधलेली असतात. घर देखणं असतं, जागा मोकळी असते, आणि नेमकं तेच घर बँक परत पाठवते. कारण सातबारावर ती जमीन अजून शेतीच असते. थकीत कर्जाची वसुली बँकेला कोर्टात न जाता करता यावी म्हणून २००२ मध्ये सरफेसी कायदा झाला. त्याच्या कलम ३१ मध्ये ज्यांना हा कायदा लागू नाही अशा गोष्टींची यादी आहे आणि त्यात शेतजमीन आहे. तुमच्या शेतावरच्या घराला बँकेचा विरोध नसतो. ते विकण्याचं तिचं सगळ्यांत वेगवान हत्यार तिथे चालत नाही, इतकंच. म्हणून अकृषिक केल्याशिवाय पुढे काही होत नाही. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असलेल्या जमिनींना महसूल अधिनियमाच्या कलम ४२-ड ने सवलत दिली आहे : निवासी वापरासाठी वेगळ्या परवानगीचा लांब रस्ता नाही, लागू असेल तो कर आणि शुल्क भरून रूपांतर करून घेता येतं. ही तरतूद गावात फार थोड्यांना माहीत आहे. सातबाराची आणखी एक ओळ बघून ठेवायची, ती म्हणजे भोगवटादार वर्ग १ की वर्ग २. वर्ग २ च्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधनं असतात, त्यामुळे किंमत लावताना व्हॅल्युअर आणि वकील दोघंही थबकतात.

पवनी तालुक्यात हा मुद्दा जास्त टोचतो. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी एप्रिल १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते झाली, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि बुडीत क्षेत्रातली गावं उठून नव्या गावठाणांत गेली. पुनर्वसनात मिळालेल्या भूखंडावर हस्तांतराच्या अटी असू शकतात. वाटपाचा आदेश शोधून त्या अटी वाचल्याशिवाय बँकेकडे जाण्यात अर्थ नाही. आणि धरणाच्या खालच्या असोत की वरच्या, नदीकाठच्या सगळ्याच घरांना ऑगस्ट २०२० च्या अखेरच्या पुराने एक जादा प्रश्न चिकटवला आहे. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आलेलं पाणी, वरचा पाऊस, गोसेखुर्दचे दरवाजे, आणि पाण्याखाली गेलेल्या वस्त्या. तेव्हापासून मूल्यांकनाच्या अर्जातला 'पूरप्रवण आहे का?' हा रकाना इथे कोणी सवयीने 'नाही' लिहून सोडत नाही. जलसंपदा विभाग नदीच्या पूररेषा आखतो : पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. तुमचं घर लाल रेषेबाहेर असेल तर तो नकाशा हाताशी ठेवा. पाणी कुठवर आलं होतं हे व्हॅल्युअर शेजाऱ्याला विचारणारच आहे, आणि गावात पुराच्या आठवणी फुटाफुटाने वाढतात.

बहिणींची सही

कागद जागेचे झाले, माणसांचे राहिले. घर आजोबांच्या नावावर, आजोबा वारले, वडील वारले, राहतो नातू आणि कर्ज हवं नातवाला. वारसनोंद झालेली नाही. भावांत तोंडी वाटणी झालेली : पुढची सपरी आणि दोन खोल्या एकाच्या, मागचा कोठा आणि सांदवाडी दुसऱ्याची. वर्षानुवर्षं कोणाची तक्रार नाही. व्हॅल्युअर मात्र पूर्ण घर मोजू शकत नाही आणि अर्धं घर वेगळं विकता येईल असं लिहूही शकत नाही, कारण दार एक आणि विहीर एक.

शंभर रुपयांच्या स्टँपपेपरवर पंचांसमोर लिहिलेली वाटणी किंवा विक्री इथे उपयोगी पडत नाही. नोंदणी कायदा १९०८ चा. शंभर रुपये आणि त्यावरच्या स्थावर मिळकतीतला हक्क देणारा-घेणारा दस्त नोंदलाच पाहिजे, असं त्याचं कलम १७ सांगतं. म्हणजे वाटणीपत्र किंवा हक्कसोडपत्र करून पवनीच्या दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं आलं. आणि त्यावर बहिणींच्या सह्या आल्या. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना मुलांसारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. तरीही 'तिचं लग्न झालं, ती काय मागणार' या गृहीतावर फाइल बँकेत जाते आणि वकिलाच्या शोध अहवालात अडकते. बहिणीला राखीला बोलावून त्याच फेरीत निबंधक कार्यालयात नेणारे भाऊ आहेत. मला ही पद्धत फारशी आवडत नाही. आधी कर्जाचं कारण, रक्कम आणि तिचा हिस्सा सांगून मग सही मागितली, तर सही टिकते आणि नातंही. तिला हिस्सा सोडायचा नसेल तर तिला सहकर्जदार किंवा जामीनदार करण्याचा मार्ग असतो.

आकड्यांचा खेळ

आता एक हिशेब मांडू. दर आणि मापं समजण्यापुरती, गृहीत धरलेली आहेत; पद्धत खरी आहे.

जागा २,००० चौरस फूट, दर ३०० रुपये. जमिनीची किंमत ६ लाख. घर विटांचं, स्लॅबचं, ८०० चौरस फूट. आज तसंच नव्याने बांधायला चौरस फुटाला १,५०० रुपये लागतील, म्हणजे १२ लाख. घराला वीस वर्षं झाली. अशा बांधकामाचं आयुष्य साठ वर्षं धरतात आणि शेवटी दहा टक्के भंगारमूल्य उरतं असं मानतात. म्हणजे नव्वद टक्के घसारा साठ वर्षांत, वीस वर्षांचा तीस टक्के. १२ लाखांतून ३ लाख ६० हजार गेले, ८ लाख ४० हजार उरले. जमीन मिळवून घराची किंमत १४ लाख ४० हजार.

याच घरात एवढंच बदलू : मिळकत पत्रिकेवर जागा १,६०० चौरस फूट आहे, कारण मागची सांदवाडी मोजणीत शेजाऱ्याकडे गेली. आणि मागची २०० चौरस फुटांची खोली पाच वर्षांपूर्वी विनापरवाना वाढवली, ती कुठेच नोंदलेली नाही. व्हॅल्युअर पत्रिकेवरचं क्षेत्र धरतो : १ लाख २० हजार गेले. खोली तो बघतो, फोटोही काढतो, पण मोजत नाही. इतर घराचाच घसारा तिलाही लावला तर २ लाख १० हजार गेले. घर तेच, माणसं तीच, किंमत ११ लाख १० हजार. या ३ लाख ३० हजारांच्या खड्ड्यावर ४० हजारांचा रंग कुठवर पुरणार?

कर्ज किती मिळणार हे या आकड्याच्या टक्केवारीने ठरतं. घरकर्ज ३० लाखांपर्यंतचं असेल तर मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांना ८०, आणि त्यावर ७५, अशी कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेने घातली आहे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्या मूल्यात धरता येत नाही. घराची किंमत १० लाखांच्या आत असेल तरच धरता येतो. मर्यादा कमाल आहे, हक्क नव्हे. आहे ते घर तारण ठेवून मुलाच्या शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी काढलेल्या कर्जाला बँका याहून बरंच कमी देतात. जुन्या काळी तर आणखी हात आखडता असे : एचडीएफसी १९७७ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिच्या पहिल्या कर्जदाराने मालाडमधल्या ७० हजारांच्या घरासाठी जवळपास निम्मीच रक्कम घेतली होती.

मातीच्या भिंतीचा रकाना

आसगावच्या बाजूला अजून मातीच्या जाड भिंतींची, कवेलूंची, सागाच्या पाटणाची घरं उभी आहेत. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा त्या घरात दुपारी झोप लागते आणि शेजारच्या स्लॅबखाली कूलरसुद्धा गरम हवा फेकतो. मूल्यांकनाच्या तक्त्यात गारव्याला रकाना नाही. मातीच्या बांधकामाला आयुष्य फार थोडं, तीसेक वर्षांचं धरलं जातं. पन्नास वर्षं उभं असलेलं घर त्या हिशेबाने मेलेलं असतं. वर बँकेची आणखी एक अट : कर्जाची मुदत संपेल त्यानंतरही काही वर्षं घराचं आयुष्य उरलं पाहिजे. म्हणून अशा घराला जागेची किंमत आणि फार तर सागवानाचं भंगारमूल्य मिळतं. मला हे मूल्यांकन अन्यायाचं वाटतं, पण त्याच्याशी वाद घालून कर्ज मिळत नाही. मातीच्या घराची डागडुजी करून ते नवं भासवण्यावर पैसे घालू नयेत. त्याच जागेवर बांधायचं कर्ज काढायचं असेल तर मंजूर नकाशा आणि अभियंत्याचं अंदाजपत्रक ही खरी तयारी. त्या कर्जाचे पैसेही एकदम मिळत नाहीत. जोत्यापर्यंत, मग भिंती, मग स्लॅब, अशा टप्प्यांवर बँकेचा माणूस येऊन बघतो आणि पुढचा हप्ता सोडतो.

पक्क्या घरात मात्र हाताने करण्यासारखं काही आहे. स्लॅबमधून गळती असेल तर ती पावसाळ्यापूर्वी बंद करा; छताला पडलेले ओलीचे डाग आणि सुटलेलं प्लास्टर, ज्यातून गंजलेली सळई दिसते, हे व्हॅल्युअरला घराचं उरलेलं आयुष्य कमी करायला पुरेसं कारण असतं. प्लास्टरमधली केसासारखी चीर आणि भिंतीच्या आरपार तिरपी गेलेली भेग यातला फरक तो ओळखतो. दुसरीवर नुसती पुट्टी फासली तर ताजी पुट्टीच त्याला तिथे बघायला लावते. खरी दुरुस्ती करा आणि गवंड्याची, साहित्याची बिलं जपून ठेवा.

व्हॅल्युअरला बोलावताना धान निघाल्यानंतरचे दिवस टाळले तर बरं. खोलीत छतापर्यंत पोती लागलेली असतील तर मागची भिंत मोजता येत नाही, आणि जी खोली मोजता आली नाही ती अहवालात अंदाजाने, म्हणजे कमी, येते. कुलूपबंद खोलीची किल्ली पुण्याच्या भावाकडे असेल तर ती आधी मागवा. चतुःसीमा सांगणारा घरातला मोठा माणूस हजर असावा, आणि त्याने सांगितलेली पूर्व-पश्चिम खरेदीखतातल्या पूर्व-पश्चिमेशी जुळावी. जुन्या दस्तांत शेजारी म्हणून ज्यांची नावं आहेत ते वारलेले असतात; आता तिथे कोण राहतं हे एका कागदावर लिहून दिलं की अर्धा गोंधळ मिटतो. रस्त्यावर आलेला ओटा, सरकारी जागेवर टेकलेला गुरांचा कोठा, गटारीवर टाकलेली फरशी यांना 'आमचंच आहे' म्हणून पुढे करू नका. ते कापले जातातच, आणि एक गोष्ट खोटी निघाली की उरलेल्या दहा गोष्टी संशयाने मोजल्या जातात. वीजबिल, नळजोडणीची पावती, शौचालय, घरापर्यंत चारचाकी जाईल एवढी वाट : यांची नोंद होते, म्हणून ती दाखवा.

आलेला माणूस कोण

तो बँकेचा नोकर नसतो. बँकेच्या यादीवरचा स्वतंत्र अभियंता किंवा वास्तुविशारद असतो आणि बहुधा त्याची नोंदणी संपत्ती कर कायदा १९५७ च्या कलम ३४एबी खाली झालेली असते. गंमत अशी, की संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला. कर गेला, पण त्यासाठी तयार केलेली मूल्यांककांची नोंदणी कामात राहिली. ५० कोटींवरच्या मिळकतीला बँकेने किमान दोन स्वतंत्र अहवाल घ्यावेत, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. आसगावच्या घराला एकावर भागतं.

त्याचं स्वतंत्र असणं महत्त्वाचं आहे. अमेरिकेत २००८ च्या घरकर्ज संकटानंतर मूल्यांककावर कर्ज देणाऱ्याने दबाव आणू नये म्हणून कडक नियम झाले. त्याआधी हवा तो आकडा लिहिणाऱ्यालाच पुढचं काम मिळे, आणि त्या फुगलेल्या आकड्यांवर उभी राहिलेली कर्जं कोसळली. तिथल्या मूल्यांकनाचा जुना डागही विसरण्यासारखा नाही : १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल केल्या आणि तिथल्या घरांना कर्ज मिळणं दुरापास्त झालं. आपल्याकडे असा नकाशा कोणी छापत नाही. पण काही वित्तसंस्थांच्या बोलण्यात 'निगेटिव्ह एरिया' असतोच, आणि गावाची एखादी वस्ती त्यात का गेली हे लेखी मिळत नाही. अशा वेळी दुसरी बँक गाठणं हाच व्यवहार्य इलाज.

व्हॅल्युअरला चहा द्यावा. पाकीट देऊ नये. दिलं तर वाढलेला आकडा बँकेच्या दुसऱ्या तपासणीत पडतो आणि बदनामी तुमच्या पदरी येते. आकडा कमी आला असं वाटलं तर अहवालाची प्रत मागा आणि फक्त चुका दाखवा. क्षेत्र चुकलं आहे का, बांधकामाचं वर्ष चुकलं आहे का, फोटो तुमच्याच घराचा आहे का. एका आडनावाची दहा घरं असलेल्या गावात शेजारच्या घराचा फोटो लागणं अशक्य नसतं. 'दर कमी धरला' या तक्रारीला जवळच्या नोंदलेल्या व्यवहाराचा दस्त क्रमांक जोडला तरच वजन येतं.

कागद जातात कुठे

कर्ज मंजूर झालं की मूळ दस्त बँकेत ठेवायचे. १८८२ च्या मिळकत हस्तांतरण कायद्याने नुसते दस्त जमा करून गहाण करण्याची सोय कलकत्ता, मद्रास, मुंबई आणि सरकारने अधिसूचित केलेल्या इतर शहरांपुरती ठेवली. घर कुठल्याही खेड्यातलं चालतं. दस्त जमा करण्याची कृती मात्र अशा शहरात व्हावी लागते. म्हणून गावातल्या माणसाला सहीसाठी मोठ्या शाखेत बोलावलं जातं, तो बँकेचा उगाच हेलपाटा नसतो. या गहाणाची सूचना महाराष्ट्रात ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते, आणि केंद्रीय नोंदवहीत, म्हणजे सेरसाईत, बँक वेगळी नोंद करते.

जाण्याआधी प्रत्येक पानाची स्पष्ट छायाप्रत काढा आणि काय काय जमा केलं त्याच्या यादीवर बँकेची सही-शिक्का घ्या. ही यादी पंधरा-वीस वर्षांनी उपयोगी पडते. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करणं १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागद हातात आल्यावर मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढलेला असेल तर तो उतरवून घ्यावा लागतो. त्यासाठी पवनीची एक खेप पुन्हा करायची असते, बँकेचं ना-देय प्रमाणपत्र सोबत घेऊन.